घरचं डासांचं तेल: कुणाला, किती आणि किती वेळ

प्रश्न नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका आईचा आहे. घरात सहा वर्षांचा मुलगा, चौदा महिन्यांची मुलगी आणि सासूबाई. सोसायटीत दोघांना डेंग्यू निघाला, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला आहे. कॉइल लावली की मुलाला खोकला येतो, आणि लिक्विड मशीन रात्रभर चालू ठेवायला मन धजत नाही. तिने चार गोष्टी विचारल्या आहेत. रिकाम्या रिफिलमध्ये कडुनिंबाचं तेल आणि कापूर भरून चालेल का? लिंबात लवंगा खोचून ठेवल्या तर डास जातात का? सासूबाई दिवेलागणीला कडुनिंबाच्या पाल्याची धुनी देतात, ती बाळाला बरी का? आणि अंगाला लावायचं तेल घरी कसं करायचं?

ताई, मी २७ वर्षं आरोग्यसेविका होते, त्यातली शेवटची ११ नाशिक शहरात. तापाचे रुग्ण शोधत घरोघर फिरायचं, पिंपात बॅटरी मारून अळ्या बघायच्या, दाराच्या चौकटीवर खडूने तारीख टाकून पुढच्या घरी जायचं, हे रोजचं काम. डासांचं तेल तर मी लहानपणापासून बघत आले, आई करायची म्हणून. उत्तर जरा लांबेल, पण सगळं वाचा. यात एक-दोन गोष्टी बाळाच्या जिवाशी येणाऱ्या आहेत.

सगळ्यात आधी तुम्हाला कोणता डास चावतोय ते बघा. आपल्याकडे त्रास देणारे मुख्यतः तीन. रात्री दिवा मालवला की कानाशी गुणगुणतो तो तपकिरी क्यूलेक्स. तो गटारात, सेप्टिक टँकमध्ये, नासर्डी नदीसारख्या संथ, घाण पाण्यात वाढतो. उंटवाडी, तिडके कॉलनीच्या बाजूला राहणाऱ्यांना त्याची चांगली ओळख आहे. गोदावरीत पाणवेली माजल्या की काठच्या वस्तीला हाच फोडून काढतो. दुसरा अ‍ॅनाफिलीस, मलेरियाचा. भिंतीवर बसतो तेव्हा डोकं खाली, पार्श्वभाग वर, असा तिरका बसतो, त्यावरून ओळखू येतो. तोही रात्रीचाच. तिसरा एडिस, डेंग्यू आणि चिकनगुनियाचा. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आवाज जवळजवळ नाहीच. हा दिवसा चावतो. उजाडल्यावर पहिले दोनेक तास आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत त्याचा जोर असतो. पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीला लटकवलेल्या कपड्यांत दडून बसतो आणि घोट्याला, पोटरीला, कोपराला डसतो.

आता तुमच्या घरचा दिवस डोळ्यांपुढे आणा. धुनी संध्याकाळी सातला. मच्छरदाणी रात्री दहाला. आणि मुलगा सकाळी सात-साडेसातला हाफ पँटमध्ये खाली पार्किंगात स्कूल व्हॅनची वाट बघत उभा. तुमचे सगळे उपाय रात्रीच्या डासावर चाललेत आणि भीती तुम्हाला दिवसाच्या डासाची आहे. माझ्या अनुभवात दहातल्या आठ घरांत हीच गफलत असते. तेल चांगलं की वाईट हा प्रश्न त्यानंतरचा.

एक घर सांगते. इंदिरानगरमधली तिसऱ्या मजल्यावरची सदनिका, घर आरशासारखं. दारात तुळस, खिडक्यांना जाळ्या, कोपऱ्याकोपऱ्यात कापराच्या वड्या, टीपॉयवर लवंगा खोचलेलं लिंबू. तरी मुलीला डेंग्यू निघाला होता. ती बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, मॅडम, आता मी अजून काय करायचं? मी स्वयंपाकघरात गेले, फ्रिज पुढे ओढायला लावला आणि मागचा ट्रे हळूच काढला. दोन बोटं पाणी होतं, वर धुळीची साय. बॅटरी मारली तशा अळ्या वळवळत तळाला गेल्या आणि थोड्या वेळाने एकेक करून शेपटाची नळी वर करत पृष्ठभागाला येऊन लटकल्या. शंभराच्या वर असतील. कॉम्प्रेसरची ऊब, अंधार, कुणाची ये-जा नाही, आणि दर दोन-चार दिवसांनी आपोआप पडणारं ताजं पाणी. एडिसला याहून चांगली जागा कुठली मिळणार? त्या बाईने ट्रे हातात घेतला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. फ्रिजला असा ट्रे असतो हेच तिला माहीत नव्हतं.

एडिस फार लांब उडत नाही. बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचा संसार असतो. म्हणजे तुमच्या मुलाला चावणारा डास तुमच्या घरात, बाल्कनीत, गच्चीवर, नाहीतर शेजारच्या अर्धवट इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात जन्मलेला आहे. पाथर्डी फाट्याच्या बाजूला बांधकामं भरपूर आहेत, तेव्हा तिकडे सोसायटीकडून पत्र द्या, मागे लागा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आम्ही आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगायचो. पण पाणी नुसतं ओतून भागत नाही. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवून. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून पिंप, कूलरची टाकी, कुंडीखालची ताटली काथ्याने घासायची, मगच भरायची. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट बसत नसेल तर जुनी सुती साडी दुहेरी करून बांधा. बागेतला हौद किंवा कारंजं रिकामं करता येत नसेल तर गप्पी मासे सोडा.

हे झाल्यावर मग तेल. नाहीतर तेल म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

तुमचा रिफिलचा प्रश्न आधी घेते, कारण हा प्रकार हल्ली व्हिडिओ बघून घरोघर चालू आहे. ताई, तो करू नका. कारण समजून घ्या. तेलं दोन जातीची. एक उडून जाणारी: लवंग, गवती चहा, सिट्रोनेला (गवती चहाच्याच जातीचं एक गवत), निलगिरी. दुसरी जागच्या जागी राहणारी: खोबरेल, तीळ, करंज आणि कडुनिंब. घरीच करून बघा. कागदावर एक थेंब लवंग तेलाचा टाका आणि शेजारी एक कडुनिंबाच्या तेलाचा. लवंगेचा डाग हळूहळू विरत जाईल, कडुनिंबाचा तेलकट डाग आठ दिवसांनीही तसाच दिसेल. कडुनिंबाचं तेल हवेत जातच नाही. मशीनची वात त्यात बुडवली तर ती तेल ओढते, तापते, करपते आणि चोंदते. खोलीत येतो तो कापराचा वास आणि थोडी जळक्या तेलाची वाफ. लोकांना वाटतं वास येतोय म्हणजे औषध चालू आहे. कापूर ज्वालाग्राही, खाली तापलेला हीटर, आणि हे सगळं रात्रभर बाळाच्या उशाशी. ते मशीन विशिष्ट द्रवासाठी बनवलेलं आहे, त्यात दुसरं काही भरायचं नाही.

कापराबद्दल इथेच सांगते. भीमसेनी असो की साधा, बाळाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवू नका. रांगणारं मूल पांढरी वडी दिसली की तोंडात घालतं, आणि लहान बाळाला एवढ्याशा कापरानेही झटके येतात. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधायची पद्धत मी गावोगाव पाहिली आहे आणि दर वेळी ती सोडायला लावली आहे. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचंही तेच. आणि कापूर अगदी शुद्ध असला तरी कोपऱ्यात ठेवलेल्या दोन वड्यांनी खोलीतले डास जात नाहीत.

लिंबू-लवंगेचं उत्तर छोटं आहे. डास आपल्याला शोधतो तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, घामाच्या वासावरून, अंगाच्या उबेवरून. टीपॉयवरचं लिंबू तुमचा श्वास झाकू शकत नाही. दारातली तुळस, गवती चहाचं बेट, सिट्रोनेलाची कुंडी यांचंही तसंच. पान चुरगळल्याशिवाय त्यातलं तेल बाहेर येत नाही. कुंड्या हौसेने ठेवा, फक्त खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. लिंबाचा रस मात्र अंगाला चोळू नका. त्यावर ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत.

आता सासूबाईंची धुनी. हा नाजूक विषय आहे. घरोघरी सासू-सुनेत यावरून धुसफूस होताना मी पाहिली आहे. धुराने डास कमी होतात हे खरं आहे. गोठ्यात गोवरी पेटवून त्यावर कडुनिंबाचा नाहीतर निर्गुडीचा ओला पाला टाकायचा, हे आपल्या आज्या-पणज्यांनी उगाच केलेलं नाही. गोठा चहूबाजूंनी मोकळा असायचा. आपली सदनिका म्हणजे बंद डबा. एका डासांच्या कॉइलमधून निघणारे बारीक कण मोजले गेले आहेत, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले. पाला जळला, ऊद जळला, तमालपत्र जळलं तरी कण निघतातच. ते फुप्फुसात गेल्यावर पाला कोणत्या झाडाचा होता याने काही फरक पडत नाही. तुमच्या मुलाला कॉइलने खोकला येतो, तर धुनीनेही येणार. चौदा महिन्यांच्या बाळाची श्वासनळी तर पेन्सिलीहूनही बारीक.

म्हणून सासूबाईंचं मोडू नका, वळवा. धुपाटणं बाल्कनीत किंवा जिन्याच्या मोकळ्या कठड्यावर ठेवायचं, तेही सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी, कारण एडिसचा संध्याकाळचा जोर तेव्हाच असतो. मुलांना तेवढा वेळ आतल्या खोलीत दार लावून ठेवायचं. निखारा विझल्यावर, धूर गेल्यावर जाळ्या बंद. माझ्या सासूबाईंना मी असंच सांगितलं होतं. पहिले आठ दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, मग त्यांनीच शेजारणीला सांगायला सुरुवात केली. आणि बाजारातली 'हर्बल' लिहिलेली अगरबत्ती आणत असाल तर पाकिटावर कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. नोंदणी नसलेली तीव्र रसायनं अशा अगरबत्त्यांत सापडलेली आहेत. वरती कडुनिंबाच्या पानाचं चित्र असणं म्हणजे आत कडुनिंब असणं नव्हे.

आता तेल. माझी आई पाला धुऊन तसाच खोबरेलात कढवायची. पाल्यात पाण्याचा अंश राहायचा आणि पंधरा दिवसांत तेल खवट व्हायचं, वर बुरशी धरायची. शिवाय प्रयोगांत ज्या तेलाचा गुण दिसला आहे ते पाल्याचं नाही, निंबोळीच्या बीचं आहे. १९९३ साली आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोबरेलात फक्त २ टक्के कडुनिंबाचं तेल मिसळून स्वयंसेवकांच्या उघड्या अंगाला लावलं, आणि अ‍ॅनाफिलीस डासांपासून बारा तास संरक्षण मिळालं. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्यातलं 'अ‍ॅनाफिलीस' गळून पडतं. दोन वर्षांनी कडुनिंबाच्या क्रीमची चाचणी झाली. तिच्यात अ‍ॅनाफिलीसपासून ९४ टक्के, क्यूलेक्सपासून ८९ टक्के आणि एडिसपासून ७८ टक्के बचाव दिसला. म्हणजे डेंग्यूचा डासच कडुनिंबाला सगळ्यात कमी दाद देतो. परदेशांतल्या पुढच्या प्रयोगांत बारा तासांचा आकडा टिकलाही नाही. मी स्वतः बारा तास धरतच नाही. संध्याकाळी अंगणात बसायचं असेल तर दर तासाला पुन्हा हात फिरवते, घाम आला असेल तर त्याआधीच.

कडुनिंबाचं तेल घेताना एक काळजी घ्या, आणि ही खास आपल्या नाशिककरांसाठी. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे ज्यांची द्राक्षबाग किंवा कांदा आहे त्यांच्या घरात कृषी सेवा केंद्रातून आणलेली निमतेलाची बाटली हमखास असते. तिच्यावर १५०० पीपीएम, १०००० पीपीएम असं लिहिलेलं असतं. ते फवारणीचं औषध आहे. पाण्यात मिसळावं म्हणून त्यात दुसरी द्रव्यं घातलेली असतात. ते अंगाला लावायचं नाही. एका शेतकऱ्याने पोरांच्या पायाला ते चोळलेलं मी पाहिलं आहे, रात्रीत पाय सुजून लाल झाले होते. आपल्याला हवं ते नुसतं घाण्यावर काढलेलं निंबोळीचं तेल. लाकडी घाण्यावर मिळतं, जुन्या नाशकात काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. रंग गडद पिवळा-तपकिरी आणि वास उग्र, लसणासारखा. वास नसेल तर ते तेल कडुनिंबाचं नाही किंवा त्यात भेसळ आहे.

घाण्याचं खोबरेल १०० मिली घ्या. गोठलेलं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करा, थेट गॅसवर नको. बोट घालता येईल इतकं निवलं की औषधाच्या दुकानातून आणलेल्या बिनसुईच्या सिरिंजने २ मिली कडुनिंबाचं तेल मोजून घाला. डोळ्याच्या अंदाजाने ओतू नका. चमच्याने कधी दोन येतं, कधी सहा. गडद काचेची, आतून पूर्ण कोरडी बाटली घ्या, पाण्याचा एक थेंबही नको. तेल भरा, हलवा, बाटलीवर तारीख लिहा. मी दोन महिन्यांपुरतंच करते. हे २ टक्क्यांचं तेल झालं. सहा वर्षांच्या मुलाला एवढंच पुरे.

मोठ्यांसाठी यात उडणारं एखादं तेल घालता येतं, म्हणजे कडुनिंब अंगाशी टिकून राहतो आणि दुसरा वास डासाला थोडा लांबूनच परतवतो. सिट्रोनेला घालायचं तर १०० मिलीला २० थेंब, साधारण १ मिली. गवती चहाचं तेल अधिक झोंबतं, त्याचे १० थेंब. दोन्ही एकदम नको. आणि हे थेंब तेल पूर्ण निवल्यावरच टाका, गरम तेलात टाकलेले वाफेबरोबर निघून जातात. लवंग तेल डासाला सगळ्यात चांगलं परतवतं. नुसतं, न मिसळता लावलं तर दोन ते चार तास काम करतं असं प्रयोगांत दिसलं आहे. पण नुसतं लावणं हाच धोका आहे, कारण ते कातडी जाळतं. दाताच्या डॉक्टरकडे कापसाच्या बोळ्यावरचं लवंग तेल हिरडीला लागलं की काय होतं ते आठवा. म्हणून मी लवंग वापरतच नाही.

उडणाऱ्या तेलाचा धडा मला माझ्या पुतण्याच्या हातावर मिळाला. तो दहावीत होता, क्रिकेट खेळायला निघाला होता. घाईत मी गवती चहाचं तेल तसंच, खोबरेलात न मिसळता, त्याच्या मनगटाला चोळलं. थोडं लावून काय होतंय, असं मला वाटलं. संध्याकाळी आला तेव्हा मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढा लाल पट्टा आणि त्यावर पाण्याने भरलेले बारीक फोड. महिनाभर तो लांब बाहीचा शर्ट घालून शाळेत गेला. तेव्हापासून नवीन तेल केलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावायचा, चोवीस तास बघायचं, खाज-लाली नसेल तरच वापरायचं, हा माझ्या घरचा नियम आहे. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा थेंब. एकाला चाललं म्हणजे दुसऱ्याला चालेलच असं नाही.

लावताना तेल आपल्या तळहातावर घ्या आणि मुलाच्या पोटऱ्या, घोटे, पावलाची वरची बाजू, कोपर आणि मानेच्या मागे पातळ हात फिरवा. डास तेल लावलेल्या जागेला टाळतो आणि दोन बोटं सोडून डसतो, म्हणून सुटलेला घोटा म्हणजे न लावल्यासारखंच. मुलाच्या तळव्याला, डोळ्यांजवळ, ओठांजवळ, खरचटलेल्या जागी लावायचं नाही. सकाळी व्हॅनला जाताना लावा. शाळेने परवानगी दिली तर लांब पँट, नाहीतर गुडघ्यापर्यंतचे मोजे. फिकट रंगाचे कपडे बरे, गडद रंगाकडे डास जास्त ओढला जातो.

निलगिरीच्या तेलाबद्दल एक गैरसमज दूर करते. 'लेमन युकॅलिप्टस'ला अमेरिकेत मान्यता आहे हे खरं आहे. पण ते लिंबाच्या वासाच्या वेगळ्या निलगिरीपासून केलेलं, प्रक्रिया केलेलं द्रव्य आहे. सर्दीसाठी आपण रुमालावर टाकतो ते निलगिरी तेल वेगळं. त्याने डास फारसे थांबत नाहीत. आणि ते मान्यता असलेलं द्रव्यसुद्धा तीन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नसतं.

आता तुमची चौदा महिन्यांची लेक. दोन वर्षांखालच्या बाळाच्या अंगाला मी यातलं काहीच लावत नाही, कडुनिंबही नाही. या वयाचं बाळ हात-पाय तोंडात घालतं, आणि पोटात गेलेल्या कडुनिंबाच्या तेलाने तान्ह्या बाळांना उलट्या, सुस्ती, झटके येऊन ती दगावल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. जंत पडावेत म्हणून चमचाभर पाजलं, असं कारण त्यात असायचं. कुणी वडीलधाऱ्यांनी सुचवलं तर हात जोडून नको म्हणा. गरोदर बाईनेही कडुनिंबाच्या तेलापासून लांबच राहावं. निलगिरी, कापूर, पुदिन्याचं सत्त्व बाळाच्या नाकाजवळ, छातीवर लावू नका, श्वास अडकू शकतो.

बाळासाठी मच्छरदाणी. रात्री तर लावताच, पण दुपारी बाळ झोपतं तेव्हा उघडंच असतं, आणि एडिस दिवसाच चावतो. छत्रीसारखी घडीची मच्छरदाणी घ्या, पांढरी असली तर आत शिरलेला डास लगेच दिसतो. चौरस इंचाला निदान १५६ छिद्रं अशी बारीक वीण हवी. कडा गादीखाली नीट खोचा. बाळाचा हात जाळीला टेकून राहिला तर डास जाळीतूनच चावतो, म्हणून जाळी अंगापासून लांब ताणलेली ठेवा. पंखा चालू ठेवा. डास दुबळा उडणारा असतो, वाऱ्यात त्याला नीट उतरता येत नाही. पंख्याचा झोत पलंगाखालीही पोचेल असा ठेवला तर दडलेलेही हलतात.

आणि एक गोष्ट मी मनापासून सांगते, कारण घरचं तेल करणारी बाई हे सांगेल असं कुणाला वाटत नाही. सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण असताना फक्त घरच्या तेलावर भिस्त ठेवू नका. २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात वेगवेगळी डासरोधकं एकमेकांशी ताडून बघितली गेली. सिट्रोनेलाची सगळी डासरोधकं वीस मिनिटांच्या आत निकामी झाली आणि सुमारे २४ टक्के डीट (दुकानातल्या डासांच्या क्रीममध्ये असतं ते रसायन) असलेलं द्रव्य पाच तास टिकलं. डीट १९५७ पासून लोकांच्या वापरात आहे, त्याचा अनुभव मोठा आहे. जुलै ते नोव्हेंबर, पाऊस आणि त्यानंतरचे महिने, मी स्वतः सकाळी बाजारात जाताना डीटचं क्रीमच लावते आणि तेल संध्याकाळी घरात लावते. मुलाला शाळेच्या वेळेसाठी बालरोगतज्ज्ञांना विचारून डीटची टक्केवारी ठरवा. यात कमीपणा काही नाही. तेल त्याच्या वेळेला चांगलं, क्रीम त्याच्या वेळेला.

कुणाला ताप आलाच तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी तापाची गोळी मनाने देऊ नका. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनने डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा. आणि आजारी माणसाला पहिला आठवडा दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डासच पुढे घरातल्या दुसऱ्याला डेंग्यू देतो. ही गोष्ट डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते, म्हणून मी प्रत्येक घरात दोनदा सांगायची.

तेलाची बाटली फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवा, खोबरेलाच्या शेजारी नको. केसांचं तेल समजून सासूबाई बाळाच्या टाळूला लावतील. झाकणाला लाल दोरा बांधून ठेवा, अंधारात हाताला कळतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी पडली की हे तेल दगडासारखं गोठेल, कडुनिंबाचं तेलही घट्ट होतं. बिघडलं असं समजून टाकून देऊ नका. कोमट पाण्याच्या तांब्यात बाटली दहा मिनिटं उभी ठेवा आणि लावायच्या आधी चांगली हलवा.